बिघडलेलं मले द्या

आमच्या कॉलेजात कुणी देणगी म्हणून नवी वस्तू घेऊन आलं की बिघाड मॅडमचा चेहरा पडायचा. एकदा एका कंपनीचे साहेब सहा कोरे मिक्सर घेऊन आले. फोटोसाठी आम्ही सगळे ओळीनं उभे राहिलो, तेवढ्यात मॅडम मागच्या रांगेतून पुढे आल्या आणि म्हणाल्या, "साहेब, चांगलं तुमच्यापाशी ठेवा. बिघडलेलं मले द्या. तुमच्याकडे बंद पडलेले मिक्सर असतील ना, ते पाठवजा." साहेबांना वाटलं, बाई थट्टा करते आहे. प्राचार्य घाईघाईनं हसले. मी हसले नाही, कारण ते सहा मिक्सर मी खटपट करून आणवले होते.

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला मोठ्या मनाची समजायला नको. मला या बाईचा हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही, चांगला पोटात दुखेपर्यंत. मी वर्ध्याच्या त्या कॉलेजात वाणिज्य शिकवत होते आणि शिवाय करारांची समन्वयक होते. कॉलेजनं आसपासच्या कारखान्यांशी, बचत गटांशी, पंचायतींशी हातमिळवणी करावी, मुलांना काम मिळावं, गावांना कसबी माणसं मिळावीत, अशी ती योजना. मी चौदा करार केले होते. चौदाही प्राचार्यांच्या केबिनबाहेर चौकटीत लावले होते, आणि त्यांच्या काचा मी स्वतः पुसून घ्यायचे. बिघाड मॅडम, हे नाव पोरांनी पाडलेलं, व्यावसायिक शाखेत उपकरण दुरुस्ती शिकवणाऱ्या निदेशिका. पदानं माझ्याहून खाली, पगारानं खाली, आणि त्यांच्या नावावर एकही करार नव्हता. तरी तालुक्यातल्या कुठल्याही गावात मी गेले आणि कॉलेजचं नाव सांगितलं, की समोरून हमखास प्रश्न यायचा, "बिघाड मॅडमचं कॉलेज का?"

नवं न घेण्यामागं त्यांचा हिशेब साधा होता. कॉलेजात नवी वस्तू आली की ती डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे कॉलेजच्या मालमत्तेच्या यादीत, चढते आणि तिच्यावर पांढऱ्या रंगानं नंबर पडतो. मग ती बिघडली तर जबाबदार कोण, या भीतीनं तिच्यावरचं प्लास्टिकसुद्धा कुणी काढत नाही. माझ्या मिक्सरांचंही तेच झालं. ते काचेच्या कपाटात बसले आणि तपासणीच्या दिवशी तेवढे पुसले जाऊ लागले. बिघडलेल्या वस्तूची कुठंच नोंद नसते. तिला पोरं बिनधास्त खोलू शकतात. मॅडम म्हणायच्या, "जे आधीच मेलं हाय, त्याले पोरगं काय मारनार?"

दर शुक्रवारी त्या पोरा-पोरींना घेऊन सेलू रस्त्यावरच्या एका गावाच्या आठवडी बाजारात जायच्या. मिरचीवाल्या बायकांच्या शेजारी ताडपत्री अंथरायची, त्यावर पाने आणि पेचकस मांडायचे, की लोक फवारणीचे पंप, पंखे, इस्त्र्या, शिलाई मशिनी घेऊन यायचे. मॅडमची एकच अट असायची. वस्तू टाकून बाजार करायला जायचं नाही. मालकानं शेजारी बसायचं आणि निदान पहिला स्क्रू आपल्या हातानं खोलायचा. कुणी म्हणालं की "मले नाई जमत, मॅडम," तर त्या पेचकस त्याच्या हातात कोंबायच्या. "घरातली वस्तू हाय ना तुह्या? मंग तिच्या पोटात काय हाय ते पाह्य एकडाव."

एकदा तो माणूस स्क्रू खोलायला लागला की मॅडम त्याच्याकडे बघतच नसत, त्याच्या बोटांकडे बघत. आणि कधीकधी, फार क्वचित, म्हणत, "हात चांगला हाय तुह्या." बस, एवढंच. पण हे वाक्य ज्याला मिळालं तो माणूस बाजारभर छाती काढून फिरायचा. प्रणाली नावाची एक मुलगी बारावीत नापास होऊन घरी बसली होती. आईची बंद पडलेली इस्त्री घेऊन ती ताडपत्रीवर आली, तिला हे वाक्य मिळालं, आणि पुढच्या जूनमध्ये ती आमच्याकडे दाखल झाली. आता सिंदी मेघेला तिचं स्वतःचं दुरुस्तीचं दुकान आहे. अशी दुकानं आमच्या रस्त्यावरच्या निम्म्या गावांत निघाली. पूर्वी ज्या पंपासाठी माणूस एस.टी.नं वर्ध्याला येऊन दिवस घालवायचा, तो आता बसस्टँडवरच दुरुस्त होतो, आणि दुरुस्त करणारीही गावातलीच कुणाची तरी सून असते.

मी कितीतरी शुक्रवार त्या ताडपत्रीजवळून गेले. गाडी थांबवायचे, काच खाली करायचे, "काही लागलं तर सांगा हं," म्हणायचे आणि निघून यायचे. माझ्या घरी माझ्या आईची शिलाई मशीन होती. आई गेली त्या वर्षीच ती बंद पडली होती, आणि वर्ध्याच्या दोन दुकानदारांनी ती भंगारात द्यायला सांगितलं होतं. ती उचलून ताडपत्रीवर नेणं मला काही अवघड नव्हतं. पण तिथं मांडी घालून बसायचं, सगळ्या बाजारादेखत पेचकस धरायचा, आणि मॅडमनी आपल्या बोटांकडे बघून गप्प राहायचं? मला ते सोसवलं नसतं.

त्या स्वतः सिंदी मेघेच्या. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये मशीन सांभाळायचे. हंगाम संपला की ते मुलीला सोबत न्यायचे आणि खोललेल्या मशीनचे नटबोल्ट रॉकेलच्या डब्यात धुवायला बसवायचे. "माह्यी बालवाडी तेच होती," असं त्या सांगायच्या. घराच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्या खालीच पान्यांचा अख्खा संच, लहानापासून मोठ्यापर्यंत खिळ्यांना टांगलेला. मी एकदाच त्यांच्या घरी गेले होते. त्यांनी चहा केला तो दुरुस्त केलेल्या शेगडीवर, मला बसवलं ते दुरुस्त केलेल्या खुर्चीवर, आणि डोक्यावर फिरत होता तोही कुणीतरी टाकून दिलेला पंखा. घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, "नुसतं भंगार भरून ठेवलंय." नवरा म्हणाला, "पण चालतं ना सगळं?" त्या दिवशी मी त्याच्याशी धड बोलले नाही.

आता माझ्या करणीकडे येते. त्या वर्षी माझा पंधरावा करार व्हायचा होता. नागपूरहून एका मोठ्या कंपनीचे अधिकारी येणार होते. मी समोसे सांगितले, पाटी रंगवून घेतली, भाषण पाठ केलं. साहेब आले, त्यांनी काचेच्या कपाटातले मिक्सर पाहिले, आणि तेवढ्यात मागच्या बाजूनं, मॅडमचा वर्ग भरायचा त्या टिनाच्या शेडमधून, पोरांच्या हसण्याचा आवाज आला. "तिकडे काय आहे?" म्हणून ते गेले ते गेलेच. मी अर्ध्या तासानं पाहायला गेले, तर साहेब बाह्या सरसावून जमिनीवर बसलेले आणि त्यांच्या मांडीवर फवारणीचा पंप. मॅडम त्यांच्या बोटांकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "साहेब, हात चांगला हाय तुमचा." एवढा मोठा अधिकारी, पण अक्षरशः लाजला. समोसे गार झाले. माझं भाषण त्यांनी घड्याळ बघत ऐकलं. करारावर सही झाली, पण त्यात त्यांनी स्वतःच्या हातानं एक ओळ वाढवली, की काम टिनाच्या शेडमध्ये व्हावं.

पुढच्याच आठवड्यात वार्षिक साठा पडताळणी होती आणि समितीची प्रमुख मी होते. शेडमध्ये सहा शिलाई मशिनी ओळीनं ठेवलेल्या दिसल्या. त्या कुणाच्या हे मला पक्कं ठाऊक होतं. बाजाराच्या त्याच गावातल्या बचत गटाच्या होत्या. गटाला आसपासच्या शाळांचे गणवेश शिवायचं काम मिळालं होतं आणि त्याआधी मशिनी पार खोलून साफ करायला त्यांनी मॅडमच्या हवाली केल्या होत्या. बाजारात उरकणारं ते काम नव्हतं. मॅडम त्या दिवशी परीक्षेच्या कामाला बाहेरगावी होत्या. मी शिपायाला म्हटलं, "या मशिनींवर नंबर का नाहीत? रंग आणा." त्यानं जरा माझ्याकडे पाहिलं आणि रंग आणला. सहाही मशिनींवर पांढरे नंबर पडले आणि रजिस्टरमध्ये सहा ओळी वाढल्या. घरी जाताना मला हलकं हलकं वाटत होतं. ते आठवलं की आजही मान खाली जाते.

मशिनी न्यायला गटाच्या अध्यक्षा शोभाताई छोटा हत्ती टेम्पो भाड्यानं करून आल्या, तेव्हा शाळा उघडायला महिना उरला होता. कार्यालयातल्या बडे बाबूंनी रजिस्टर उघडलं, नंबर दाखवला आणि हात वर केले. "नंबर पडला ताई, आता नाई निघत." डेडस्टॉकमधून वस्तू काढायची म्हणजे निर्लेखन समिती, संस्थेची बैठक, ठराव, मंजुरी. दिवाळी सहज उजाडली असती. शोभाताई पायरीवरच बसल्या. "अवो, आमच्या घरच्या मशिनी हायेत त्या. पोराइचे कपडे टाइमावर नाई गेले, तं काम दुसऱ्या गावाले जाते. मंग पुढच्या साली आमाले कोन विचारते?" सहा घरांचं काम त्या पांढऱ्या रंगाखाली अडकलं होतं. मी खिडकीतून हे सगळं ऐकलं आणि खिडकी लावून घेतली.

थोड्या वेळानं बिघाड मॅडम माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. मी उत्तरं तयार ठेवली होती. नियम क्रमांक, परिपत्रक, सगळं.

"मॅडम, नंबर काऊन टाकला?"

"शेडमधल्या वस्तूची नोंद हवीच. नियम आहे."

त्या चिडतील, रडतील, प्राचार्यांकडे जातील, याची मी वाट बघत होते. मला ते हवंच होतं. पण त्या बिघडलेल्या पंख्याकडे बघावं तशा माझ्याकडे बघत होत्या, कुठं अडलंय ते शोधत. मग म्हणाल्या, "मशीन बाहेर नाई जाऊ शकत. बरोबर?"

"बरोबर."

"बाया आत येऊ शकतात का?"

मी परिपत्रक उलटंसुलटं केलं. बायकांनी आत येऊ नये असं त्यात कुठंच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून त्या सहाजणी सकाळच्या एस.टी.नं डबे घेऊन कॉलेजात यायला लागल्या. सुट्टीचे दिवस, वर्ध्याचं ऊन, वर टिनाचं छप्पर. मॅडमच्या पोरांनी कुठूनतरी टाकून दिलेला कूलर आणून चालू केला. एका बाजूला बायका शिवत होत्या, दुसऱ्या बाजूला पोरं बसून होती. मशीन अडली की पोरं खोलत, बायका बघत. चार दिवसांनी बायकाच खोलायला लागल्या आणि पोरं कापड कापायला शिकली. आमच्याच वाणिज्य शाखेतल्या दोन मुली कुणी न सांगता मापं आणि गठ्ठे लिहून ठेवायला बसल्या. मी त्यांना तीन वर्षं शिकवत होते. एवढं मन लावून त्या माझ्या तासाला कधी बसल्या नव्हत्या. शाळा उघडायच्या चार दिवस आधी शेवटचा गठ्ठा गेला. शोभाताईंनी सगळ्यांना चहा दिला. मलाही दिला. नंबर कुणी टाकला हे त्यांना तोवर कळलं होतं. साखर मात्र त्यांनी सगळ्यांइतकीच घातली होती.

त्याच दिवसांत एकदा मी शेडच्या दारात उभी होते. आत जायचं नव्हतं आणि निघवतही नव्हतं. मॅडमनी मान वर न करता विचारलं, "तुमच्या घरी हाय का मशीन?"

"आहे. आईची. बंद आहे."

"खालच्या दोऱ्याचं शटल गोल का लांब?"

"लांब."

"मंग लई जुनी हाय. लांब शटल आता नाई भेटत. आणा ना, पाहू."

"बघू," मी म्हटलं आणि निघाले. ती मशीन मी आणली नाही.

पुढे तपासणी पथक आलं. कॉलेज आणि गाव एका छपराखाली काम करताहेत, असं त्यांनी दुसरीकडे कुठं पाहिलं नव्हतं. प्राचार्यांनी समन्वयक म्हणून मला पुढे केलं, टाळ्या झाल्या. पथकाच्या प्रमुखांनी मॅडमना विचारलं, "ही कल्पना कुणाची?" मॅडम म्हणाल्या, "या मॅडमनी मशिनीवर नंबर टाकले, म्हणून झालं." मी त्या वाक्यात टोमणा शोधला. त्या दिवशी शोधला, नंतर कित्येक दिवस शोधला. सापडला असता तर मला फार बरं वाटलं असतं. त्यांना जे घडलं ते तसंच दिसत होतं, आणि हेच मला सहन होत नव्हतं.

मग त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभात शाल नको म्हणाल्या, कॉलेजची बंद पडलेली घंटा मागितली आणि दुरुस्त करून परत आणून दिली. शुक्रवारचा बाजार त्यांनी सोडला नाही. पण दोन वर्षांतच आजारपणानं गाठलं. मी दवाखान्यात भेटायला गेले. हात काडीसारखे झाले होते, तरी सलाइनच्या स्टँडचा सैल नट त्या बोटांनी आवळत होत्या. इकडचं तिकडचं बोलणं झालं, आणि मग त्यांनी विचारलं, "तुमच्या आईच्या मशीनचं काय झालं?"

"दुरुस्त करून घेतली," मी म्हटलं. "नागपूरला. चांगली चालते."

का खोटं बोलले, मला सांगता येणार नाही. कदाचित तेवढ्यापुरतं तरी मला त्यांच्याशिवाय काही जमलंय, असं दाखवायचं होतं. त्या म्हणाल्या, "बरं झालं." डोळे मिटले. पंधरा दिवसांनी गेल्या.

गेल्या महिन्यात एका शुक्रवारी मी आईची मशीन गाडीत घातली आणि बाजारात गेले. ताडपत्री तिथंच, मिरचीवाल्यांच्या शेजारी. आता प्रणाली बसते. तिच्याभोवती पाच-सहा नवी पोरं होती. माझे गुडघे दुखतात, तरी मी मांडी घातली. प्रणालीनं पेचकस माझ्या हातात दिला. मी पहिला स्क्रू फिरवू लागले. कितीतरी वेळ फिरवत होते. शेवटी एक पोरगी हळूच म्हणाली, "मॅडम, तुम्ही तं आवळून राह्यल्या." सगळे हसले, मीही हसले. मग उलट फिरवला आणि स्क्रू निघाला.

प्रणालीनं झाकण काढून आत पाहिलं. "लांब शटल," ती म्हणाली आणि मागच्या पत्र्याच्या पेटीत हात घालून एक पुडी काढली. वर्तमानपत्राच्या कागदाची, तेलानं पिवळी पडलेली. तिच्यावर पेननं लिहिलेलं होतं, 'करार मॅडम'. पोरं मला असं म्हणतात हे मला तेव्हा कळलं. आत शटल होतं, लांब, जुनं, घासूनपुसून लख्ख केलेलं.

"कधीची आहे ही?" मी विचारलं.

"गणवेश शिवले ना शेडमध्ये, त्याच्या पुढच्या साली. अमरावतीच्या भंगारातून शटल धुंडून आनलं होतं मॅडमनं."

"पण मी तर त्यांना सांगितलं होतं, मशीन दुरुस्त झाली म्हणून. दवाखान्यात."

प्रणाली शटल बसवत होती. मान वर न करता म्हणाली, "हो, सांगितलं मले त्याइनं. म्हने, त्या म्हनतात झाली म्हून, पन नाई झाली. इतकं जुनं शटल नागपुरात कुठं भेटते? तू पुडी टाकू नोको. येतील त्या."

तिनं चाक माझ्याकडे वळवलं. मी फिरवलं. सुई खाली गेली आणि वर आली. आईच्या वेळेला यायचा तोच आवाज. प्रणाली माझ्या बोटांकडे बघत होती. मी थांबले, जरा वाट बघितली. ते वाक्य काही आलं नाही. आता ते आलं असतं तरी ज्यांच्या तोंडून मला हवं होतं त्या नव्हत्या. मी पुडीचा कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला, मशीन गाडीत ठेवून आले, आणि पुन्हा ताडपत्रीवर जाऊन बसले. एक म्हातारा मोडका पंखा घेऊन उभा होता आणि त्याला पेचकस द्यायला कुणी रिकामं नव्हतं.